हृदयस्नायू विकार, आनुवंशिक (बीड जिल्हा व दक्षिण आशिया)

हृदयाच्या स्नायूची रचनाच जनुकीय दोषामुळे बिघडणारा, पिढ्यान्‌पिढ्या उतरणारा विकार, वैद्यकात ‘कार्डिओमायोपॅथी’. स्नायू कधी जाड होतो, कधी पातळ पडून हृदय फुगते. दम लागणे, धडधड, चक्कर ही लक्षणे. काहींत तरुणपणी अचानक मृत्यू हेच पहिले लक्षण ठरते.

भारतीयांच्या संदर्भात सर्वाधिक चर्चा झाली ती अकराव्या गुणसूत्रावरील एमवायबीपीसी3 या जनुकाची. हे जनुक स्नायूतील मायोसिनच्या जाड तंतूंना बांधून ठेवणारे प्रथिन घडवते. या जनुकातील डीएनएच्या 25 आधारक-जोड्या गळाल्या की प्रथिनाचे शेवटचे टोक बदलते, आणि तंतूला धरण्याचे काम नेमके त्याच टोकाकडे असते. हा लोप 2003 मध्ये भारतीय कुटुंबांत प्रथम नोंदला गेला. 2009 मध्ये पेरुंदुराई धंडपाणी, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतील कुमारसामी थंगराज आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये दाखवले की तो भारतीय उपखंडातील सुमारे 4 टक्के लोकांत आहे आणि तो असणाऱ्यांत, म्हणजे वाहकांत, हृदय निकामी होण्याची शक्यता जवळपास सातपट दिसते. 2011 च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 25 लाख 85 हजार. उपखंडाची सरासरी लावली तर जिल्ह्यात वाहक लाखाच्या घरात जातात.

मात्र या आकड्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. बहुसंख्य वाहक आयुष्यभर धडधाकट राहतात. 2018 नंतरच्या अभ्यासांत असे दिसले की काही वाहकांत याच जनुकात आणखी एखादा बदल सोबत उतरतो, आणि स्नायू जाड होण्याचा धोका मुख्यतः त्या जोडबदलाशी निगडित आहे. पहिला ‘सातपट’चा आकडा आजही मथळ्यांत फिरतो, ही दुरुस्ती फारशी फिरत नाही.

दोष एका पालकाकडून आला तरी पुरतो. प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी. आई-वडील दोघेही वाहक असल्यास चारांतील एका अपत्याला दुहेरी वारसा मिळू शकतो, आणि अशा अपत्यांत विकार अधिक तीव्र असल्याच्या नोंदी आहेत. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल मराठवाड्यात अजून आहे. पणजोबांकडचा एकच दोष अशा घरात दोन्ही बाजूंनी पतवंडापर्यंत पोहोचू शकतो.

निदान ईसीजी आणि टूडी एकोने होते. जनुकीय चाचणी त्यानंतरची पायरी. पण अनेकदा तिथवर पोहोचणेच होत नाही. बीडमधून दरवर्षी लाखो मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मोळी डोक्यावर घेऊन ट्रक भरताना लागलेली धाप थकव्याच्या खात्यावर टाकली जाते, तपासणी राहून जाते. घरात कोणी चाळिशीच्या आत अचानक दगावले असेल, तर आई-वडील, भावंडे आणि मुलांनी फडावर जाण्याआधी अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या हृदयरोगतज्ज्ञाकडे एको करून घ्यावा.