नांव, क्रमांक आणि नोंद

वऱ्हाडांत मंगरूळ या नांवाचें गांव एकच नाहीं. वाशीम जिल्ह्यांतील मंगरूळ हें तेथील पिराच्या दर्ग्यावरून मंगरूळपीर झालें. बिरबलनाथ महाराजांमुळें त्यालाच मंगरूळनाथ असेंहि म्हणतात. अमरावती जिल्ह्यांतील दुसरें मंगरूळ हें मंगरूळ दस्तगीर. एका नांवाचीं दोन गांवें, आणि एका गांवास दोन नांवें! बोलण्याचालण्यांत हें खपून जातें. परंतु टपालाची छाटणी करणाऱ्या कारकुनास तें कसें चालावें? म्हणून 15 ऑगस्ट 1972 पासून टपालखात्यानें सहा आंकड्यांचा पिन क्रमांक सुरू केला. ही योजना आंखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ संस्कृत कवि म्हणूनहि ख्यात होते. मंगरूळपीरचा क्रमांक 444403. यांतील पहिले तीन आंकडे टपालछाटणीचा विभाग दाखवितात. शेवटचे तीन त्या विभागांतील नेमकी कचेरी. नांव माणसाच्या सोयीसाठीं, क्रमांक व्यवस्थेच्या सोयीसाठीं.

संगणकाच्या इतिहासांत हीच अडचण आली आणि तिच्यावर उपायहि असाच निघाला. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं 1969 मध्यें युनिक्स ही प्रणाली रचण्यास आरंभ केला. त्यांचा एक विचार साधा, परंतु दूरवर पोहोंचणारा होता: संगणकास जोडलेली डिस्क असो वा प्रिंटर, प्रणालींत तें उपकरण एखाद्या फाइलीप्रमाणेंच दिसावें. फाइल वाचण्यालिहिण्याची जी रीत, तीच उपकरणाशीं व्यवहार करण्याची रीत. उपकरणांच्या या नोंदी ‘डेव्ह’ नांवाच्या कप्प्यांत ठेवण्यांत आल्या.

‘एलएस’ या आज्ञेनें सविस्तर यादी मागविली असतां सामान्य फाइलीपुढें तिचा आकार दिसतो. उपकरणाच्या नोंदीपुढें आकाराच्या जागीं दोन क्रमांक असतात. पहिला मुख्य क्रमांक; काम कोणत्या चालक-प्रोग्रामकडे सोंपवावयाचें हें तो सांगतो. दुसरा दुय्यम क्रमांक; त्या चालकाच्या ताब्यांतील उपकरण कोणतें, हें तो सांगतो. लिनक्स या युनिक्ससारख्याच प्रणालींत पहिली डिस्क बहुधा ‘एसडीए’ नांवानें दिसते व तिचे क्रमांक 8 आणि 0 असतात. दुसरीचे 8 आणि 16. प्रणालीचा गाभा नांव पाहत नाहीं. तो हे क्रमांक पाहतो, आणि नोंद ठोकळ्यांनीं चालणाऱ्या उपकरणाची आहे कीं अक्षरप्रवाहाची, एवढें पाहतो.

या नोंदी प्रारंभीं माणूस हातानें करीत असे. त्यासाठींची ‘मेकनोड’ ही आज्ञा युनिक्सच्या 1973 मधील चवथ्या आवृत्तींत आढळते. नांव, प्रकार व दोन क्रमांक लिहिले कीं नोंद झाली. ‘आरएम’ या आज्ञेनें ती पुसतां येते. नोंद पुसली म्हणून उपकरण नष्ट होत नाहीं. गांवाची पाटी काढली म्हणून गांव नाहींसें होत नाहीं, तसेंच हें. परंतु नव्यानें येणाऱ्यास त्या नांवानें वाट सांपडत नाहीं. उलट उपकरण काढून नेलें आणि नोंद तशीच राहिली, तर हांक मारूनहि उत्तर येत नाहीं.

खरा अनर्थ चुकीच्या क्रमांकांत आहे. नांव एका डिस्कचें आणि क्रमांक दुसरीचे, अशी नोंद झाली, तर भलत्याच डिस्कवर लेखन होऊन कोणाचीं तरी वर्षांचीं कागदपत्रें पुसलीं जातील. शिवाय, वाटेल त्यास नोंद करतां आली, तर तो सगळ्या डिस्कची नोंद स्वतःच्या नांवें करून इतरांचे खाजगी कागद खुशाल वाचील. प्रत्येक फाइलीस लावलेलें कुलूप व्यर्थ होईल. म्हणून उपकरणाची नोंद करण्याचा अधिकार सामान्यतः ‘रूट’ या सर्वाधिकाऱ्यासच असतो. फेरफाराची नोंद ज्याच्या हातीं, त्याच्यावर साऱ्या गांवाचा भरंवसा, हें खेड्यांतील शेतकऱ्यास निराळें सांगावयास नको.

पुढें उपकरणें वाढलीं. लिनक्समध्यें पूर्वीं मुख्य व दुय्यम क्रमांकांस प्रत्येकीं 256 इतकीच जागा होती, आणि एखादें उपकरण कधीं काळीं जोडलें जाईल म्हणून हजारों नोंदी आधींच करून ठेवीत. रहिवासी थोडे आणि वहींत नांवें हजारों! आतां 2003 सालच्या 2.6 या आवृत्तीनें क्रमांकांची मर्यादा पुष्कळ वाढविली. त्याच वर्षीं ‘यूडेव्ह’ ही व्यवस्था आली: उपकरण जोडतांच नोंद व्हावी, काढतांच ती जावी. पुढें 2009 पासून मूळ नोंद गाभाच करूं लागला. नांवांचे व परवानगीचे नियम मात्र ‘यूडेव्ह’कडे राहिले.

तरीहि मंगरूळांची अडचण संपली नाहीं. दोन डिस्का असतां आज जी ‘एसडीए’, ती यंत्र पुन्हां सुरू झाल्यावर ‘एसडीबी’ होऊं शकते. जी आधीं सांपडली तिला पहिलें नांव. यावर उपाय म्हणून डिस्कच्या स्वतःच्या खुणेवरून तिला आणखी एक स्थिर नांव जोडनोंदीनें दिलें जातें. मंगरूळास पीर किंवा दस्तगीर जोडावें, त्यांतलाच हा प्रकार. ‘यूडेव्हएडीएम’ या आज्ञेनें उपकरणाची ही सर्व ओळख विचारतां येते. डिस्कवर कांहीं लिहिण्यापूर्वीं ती विचारून घेणें हें शहाण्या व्यवस्थापकाचें पहिलें काम होय.

नोंद करण्याचे कष्ट यंत्रानें आपल्याकडे घेतले. परंतु कोणास कोणतें नांव द्यावें आणि कोणास दार उघडें ठेवावें, याचे नियम अजून माणूसच लिहितो. त्या नियमांत चूक राहिली, तर यंत्र ती चूक न चुकतां पाळील. वही आपोआप भरूं लागली, तरी ती तपासणाऱ्याचें काम संपलेलें नाहीं.