भवानी देवी, सी. ए.

भवानी देवी, सी. ए. : (२७ ऑगस्ट १९९३ – ). ऑलिंपिकमध्ये खेळलेली पहिली भारतीय तलवारबाज. जन्म चेन्नई येथे. २००४ मध्ये शाळेत तिने हा खेळ सुरू केला. पुढील प्रशिक्षण केरळमधील थलश्शेरीच्या भारतीय क्रीडा प्राधिकरण केंद्रात सागर लागू यांच्याकडे, तर नंतर इटलीत निकोला झानोत्ती यांच्याकडे झाले.

तिचा प्रकार सेबर (पहा : तलवारबाजी). यात कमरेच्या वरच्या भागावरील स्पर्शच ग्राह्य धरला जातो. टोकाबरोबर पात्याच्या धारेचा वारही मोजला जात असल्याने फॉइल व एपी या प्रकारांपेक्षा लढत बरीच वेगवान होते.

२०१८ मध्ये कॅनबेरा येथील राष्ट्रकुल अजिंक्यपद स्पर्धेत तिने सुवर्णपदक जिंकले. टोकियो ऑलिंपिकमध्ये (२०२१) ट्युनिशियाच्या नादिया बेन अझिझीला तिने १५–३ असे हरवले. पुढील फेरीत फ्रान्सच्या मानों ब्रुनेकडून ती ७–१५ अशी पराभूत झाली. २०२३ च्या वूशी येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत जगज्जेत्या मिसाकी एमुराला (जपान) नमवून तिने कांस्यपदक निश्चित केले. या स्पर्धेतील भारताचे हे पहिले पदक होय. अर्जुन पुरस्कार २०२१ (पहा : अर्जुन पुरस्कार).