राजाची गरी

बी. कॉम. झालेल्या माणसाला इतिहास कळत नाही, अशी एक समजूत आहे. आम्हांला म्हणे फक्त जमा आणि खर्च कळतो. असेल. पण मासेमारीचा इतिहास वाचल्यावर माझी खात्री झाली की, तो समजायला बी. कॉम.च पुरे. आधी थोडा खर्च करायचा, म्हणजे आमिष लावायचं. मग जमेची वाट बघत पाण्याकडे टक लावून बसायचं. बँका हेच करतात. फक्त त्याला आम्ही 'आकर्षक व्याजदर' म्हणतो.

गरी म्हणजे गळाचा आकडा. ही वस्तू फार जुनी. जपानच्या ओकिनावा बेटावरच्या एका गुहेत शंखाच्या कवचापासून घासून केलेले गळ सापडले. ते सुमारे २३,००० वर्षांपूर्वीचे असल्याचं २०१६ साली जाहीर झालं. आपल्याकडे सिंधू संस्कृतीच्या उत्खननात तांब्याचे गळ निघाले. पुढे लोखंड आलं, पोलाद आलं. १९३०च्या दशकात नायलॉनचा शोध लागला आणि सुताच्या दोरीची सुट्टी झाली. पण आकार? तोच. एक वाकडी टाचणी. तेवीस हजार वर्षांत जिच्यात फारशी सुधारणा करावी लागली नाही, अशी दुसरी वस्तू म्हणजे आमच्या कचेरीतली टाचणीच.

तेव्हा खरी विद्या गरीत नाही, आमिषात आहे. आणि या विद्येवर आपल्याकडे कुणी लिहिलं असेल? एका राजाने! कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. याने ११३०च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. पाच विंशती, म्हणजे वीस-वीस प्रकरणांचे पाच भाग; एकूण शंभर प्रकरणं. राज्यकारभार, हत्ती, रत्नं, गाणं, खाणं, काही म्हणून सोडलं नाही. महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओव्या गातात, हेसुद्धा त्यात नोंदलंय. या राजाचं बिरुद होतं 'सर्वज्ञ'. हल्ली प्रत्येक कचेरीत एक तरी सर्वज्ञ असतो, पण तो ग्रंथ लिहीत नाही, एवढे उपकार आहेत.

या ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचं एक प्रकरण आहे. विनोद म्हणजे इथे करमणूक. नाहीतर आमच्यासारखे विनोदी लेखक उगाच हक्क सांगायला जायचे. सुमारे पस्तीस प्रकारचे मासे त्यात आलेत. समुद्रातले कोणते, नदीतले कोणते. खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते. दोरी कशाची, काठी कशी, आणि मुख्य म्हणजे कुणाला काय आवडतं. कुणाला पिठाचे गोळे, कुणाला भाताचे, कुणाला मांस. सुंदरलाल होरा या प्राणिशास्त्रज्ञाने १९५१ साली या प्रकरणावर निबंध लिहून ते जगापुढे आणलं. माशांची आवडनिवड राजाला एवढी पाठ होती. मांडलिकांची मात्र राहून गेली. त्याच्या मुलाच्या कारकिर्दीत बिज्जल कलचुरी नावाच्या मांडलिकाने सगळं राज्यच गिळलं. आमिषासकट.

पकडलेल्या माशाचं पुढे काय करायचं, हेही राजाने सोडलेलं नाही. अन्नभोगाच्या प्रकरणात मासे आहेत, चिंच आहे, हळद आहे. मिरची नाही. ती बिचारी अजून अमेरिकेत होती. वास्को द गामा १४९८ साली इकडे आला, त्यानंतर पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्याकडे उतरली. तिखटाशिवाय बांगड्याचं तिखलं! सर्वज्ञ राजाबद्दल मला दया आली ती या एकाच ठिकाणी.

पण आमच्यातला कारकून इथे अडतो. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्यात. तिथून समुद्र म्हणजे त्या काळी कित्येक दिवसांची वाट. मग खाऱ्या पाण्यातला मासा काय खातो, हे राजाला सांगितलं कुणी? उघड आहे. कुणीतरी खारवी, गाबीत नाहीतर कोळी असणार, ज्याच्या बापाने त्याला आणि ज्याच्या आज्याने बापाला सांगितलं. त्याने सांगितलं, पंडितांनी श्लोक केले आणि वर नाव लागलं राजाचं. यात नवल काही नाही. व्हाउचर लिहितो कारकून आणि सही होते साहेबाची. नऊशे वर्षांनी ते व्हाउचर सापडलं, तर लोक म्हणतील, काय साहेब होता!

मी कोकणात बदलीवर असताना एक म्हातारे खातेदार होडीच्या कर्जासाठी यायचे. मी एकदा विचारलं, "काका, खाडीत गरवायला आमिष कुठलं लावता?" ते म्हणाले, "सायबानू, मासो काय खुळो नाय. सुंगटा जिती व्हयीत, आणि पाणी चढताना व्हयीत." सुंगटं म्हणजे कोळंबी. मग जिताडा कुठल्या खडकाच्या सावलीला उभा राहतो, उधाणाला कुठे बसायचं, भांगाला कुठे, हे सगळं त्यांनी काउंटरवर बोट फिरवून दाखवलं. मागे रांग वाढत होती. मी त्यांचा अर्ज भरला. 'शिक्षण' या रकान्यात त्यांनी सांगितलं तसं लिहिलं: नाही.

त्यांच्या मुलाने मुंबईला नोकरी धरली होती. भरती-ओहोटीचं ते सगळं शास्त्र आता कुणाच्या नावावर वर्ग व्हायचं, कोण जाणे. बँकेच्या खात्याला वारस नेमता येतो. त्यासाठी छापील अर्ज आहे, आणि तो आम्ही फुकट देतो. या दुसऱ्या खात्यासाठी मात्र अर्ज निघालेला नाही. आणि सोमेश्वरासारखा रिकामा वेळ असलेला राजाही हल्ली मिळत नाही. तेव्हा ज्यांच्या घरात असा कुणी म्हातारा आहे, त्यांनी वही-पेन्सिल घेऊन जरा त्याच्याजवळ बसावं. श्लोक नाही जमले तरी चालेल. फक्त खाली नाव त्याचं घालावं.