गोळी आणि पंचनामा

मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात दरवर्षी २ जानेवारीला पहाटे माणसे जमतात. थंडी कडाक्याची असते, तरी म्हातारी माणसेही येतात. १९४३ साली याच तारखेला तेथे वकील विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. माथेरानच्या नाभिक घरातला हा मुलगा शिकून वकील झाला आणि बेचाळीसच्या चळवळीत त्याच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले, हे आपण सारे जाणता. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. जखमी होऊन पडलेल्या भाईंवर हॉल नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने जवळून गोळी झाडली, असे आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या सांगत आले आहेत. पडलेल्या माणसावर गोळी का झाडली, हे त्या अधिकाऱ्याला विचारावयाचे कोणी? वरिष्ठाने? तो त्याच सरकारचा. मॅजिस्ट्रेटने? त्या काळी तालुक्यातला मॅजिस्ट्रेट म्हणजे मामलेदार, त्याचा धनी कलेक्टर, आणि जिल्हा काबूत ठेवण्याची जबाबदारी त्याच कलेक्टरची.

मी कायदा कॉलेजात शिकलो नाही. कामगारांचे नुकसानभरपाईचे अर्ज लिहिता लिहिता शिकलो. एका कारखान्यात एका पोराची तीन बोटे यंत्रात गेली. अहवालात वाक्य होते, ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे अपघात’. यंत्राची जाळी ज्या सुपरवायझरने काढून ठेवावयास लावली होती, त्याचीच अहवालाखाली सही होती. तेव्हापासून कोणताही सरकारी कागद हाती आला की मी आधी खालची सही पाहतो.

सिद्धगडानंतर पावणेतीन वर्षांनी, ऑक्टोबर १९४५ मध्ये, आपल्याच तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात तलासरीजवळ तलवाड्याला वेठबिगारीविरुद्ध उठलेल्या वारल्यांच्या जमावावर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चार आदिवासी ठार झाले. गोळ्या सुटत असतानाही लोक हलले नाहीत. ही हकिकत आज आपल्याला कळते ती गोदावरी परुळेकरांच्या १९७० सालच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मुळे. सर्वांनाच गोदावरीबाई लाभत नाहीत.

ते परकीयांचे राज्य होते, असे कोणी म्हणेल. परंतु संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १०५ माणसे गेली (नंतरच्या गणतीत हा आकडा वाढला), त्यांतली बहुतेक स्वराज्याच्या पोलिसांच्या गोळ्यांनी. जानेवारी १९५६ मधील मुंबईच्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी करा, ही मागणी मान्य झाली नाही. केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी त्या वर्षीच्या जुलैमध्ये राजीनामा दिला, तेव्हा लोकसभेतील निवेदनात मुंबईच्या प्रश्नाबरोबर हेही शल्य त्यांनी बोलून दाखविले. चौकशीला नकार मिळाला म्हणून खुर्ची सोडणारा अर्थमंत्री त्यानंतर मी ऐकला नाही.

चौकशी नेमण्याचा कायदा तेव्हाही होता. चौकशी आयोगाचा अधिनियम १९५२ चा आहे. पण आयोग नेमावा की नाही हे ठरविते सरकार, आणि आयोगाचा अहवाल ही केवळ शिफारस असते. आयोगापुढे दिलेली जबानी त्या साक्षीदाराविरुद्ध खटल्यात वापरता येत नाही. खोटी साक्ष दिल्याचा खटला तेवढा अपवाद. म्हणजे आयोगाने सत्य शोधले, तरी पुरावा पुन्हा पहिल्यापासून जमवावा लागतो. तरीही आयोग निरुपयोगी नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव दलाने गोळीबार केला. दहा माणसे मेली. जमाव गॅसचा टँकर पेटविणार होता, असे पोलिसांचे म्हणणे. न्यायमूर्ती गुंडेवारांच्या आयोगाला ते पटले नाही; गोळीबार असमर्थनीय होता, असा निष्कर्ष त्यांनी काढला. २००९ साली न्यायालयाने एका उपनिरीक्षकाला जन्मठेप दिली. घटनेनंतर बारा वर्षांनी. आणि शिक्षा झाली ती उपनिरीक्षकाला, हेही मी मजुरांचा माणूस म्हणून ध्यानात ठेवतो.

जमावाची गोष्ट एक, पकडलेल्या माणसाची दुसरी. १९९५ ते १९९७ या काळात मुंबईत सुमारे ९९ चकमकींत १३५ च्या आसपास माणसे मेली. त्यावरून लोकांच्या एका संघटनेने लढविलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी सोळा नियम घालून दिले. चकमकीत मृत्यू झाला की गुन्हा नोंदवावा. तपास दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने किंवा सी. आय. डी. ने करावा, पोलिसांनी आपली शस्त्रे तपासणीसाठी द्यावीत, चकमकीनंतर लगेच बढत्या आणि शौर्यपदके देऊ नयेत. शेवटच्या नियमावर हसू येते, पण असा नियम करण्याची पाळी का आली, ते समजून घ्या. कोठडीतील मृत्यूची चौकशी कलेक्टरच्या हाताखालच्या दंडाधिकाऱ्याऐवजी न्यायदंडाधिकाऱ्याने करावयाची, हे तर २००५ च्या दुरुस्तीनेच ठरले होते. भाई कोतवालांना मिळाला नाही तो दरवाजा हाच.

या निकालाला बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी, २३ सप्टेंबर २०२४ रोजी, बदलापूरच्या शाळेतील चिमुरड्यांवरील अत्याचाराचा आरोपी पोलिसांच्या गाडीत मुंब्र्याजवळ गोळी लागून मेला. त्याने पिस्तूल हिसकावून गोळी झाडली आणि स्वसंरक्षणार्थ प्रतिगोळीबार करावा लागला, असे पोलीस म्हणाले. मुरबाडहून बारवीच्या वाटेने बदलापूर आपल्याला जवळ. त्या रात्री तेथे पेढे वाटले. प्रेत पुरावयास कोणी जागा देईना. शेवटी न्यायालयात जावे लागले आणि दफन उल्हासनगरला झाले. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांचा अहवाल उच्च न्यायालयापुढे आला. पिस्तुलावर मृताच्या बोटांचे ठसे मिळाले नव्हते. अहवालाने पाच पोलिसांना जबाबदार धरले. त्यावर पुढे वाद झाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

मुरबाडच्या एस. टी. स्टँडवर चहा घेताना एक जुना सोबती मला म्हणाला, “दादा, भाईंची गोष्ट निराळी. ह्या माणसासाठी कसली आली चौकशी?” तो दर वर्षी सिद्धगडावर येतो. मी त्याला ठशांचे सांगितले. तो म्हणाला, “असेल. पण सुटला असता तर?”

सुटला असता की फाशी गेला असता, ते आता कोणालाच कळणार नाही. ज्या लेकींसाठी बदलापूरचे लोक २० ऑगस्टला रुळांवर उतरले होते, त्यांच्यावर काय गुदरले हे न्यायासनावरून वाचून दाखविले जावयाचे होते. आरोपी मेला आणि त्याच्यापुरता तो खटला निकालाविना संपला.