आजी-आजोबांची बाजू कोण मांडणार? केस मॅनेजरच्या कामाचा इतिहास

घरातल्या पंच्याहत्तरीच्या आजींना एकाच वेळी मधुमेह, गुडघेदुखी, मोतीबिंदू आणि विसराळूपणा असू शकतो. प्रत्येक तक्रारीचा डॉक्टर वेगळा, फाइल वेगळी, गोळ्या वेगळ्या. पण हे सगळं एकत्र पाहून ‘आजींना स्वतःला काय हवंय?’ असं कोण विचारणार? काही देशांत या कामासाठी खास माणूस असतो. त्याला केस मॅनेजर किंवा केअर मॅनेजर म्हणतात. हे काम कुठून आलं, ते आज पाहू या.

सुरुवात झाली राखणदारीतून

१८९५ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये मेरी स्टुअर्ट या बाईंची ‘आल्मनर’ म्हणून नेमणूक झाली. ऐपत असूनही फुकट उपचार घेणाऱ्यांना अडवणं हे त्यांचं मुख्य काम. पण रुग्णांशी बोलल्यावर दिसलं की खरा प्रश्न दारिद्र्याचा आहे. औषध मिळालं तरी घरी अन्न नाही, सांभाळायला कुणी नाही. हळूहळू अडवणाऱ्याचं काम मदत मिळवून देणाऱ्याचं झालं. रुग्णालयातल्या समाजसेवकांची परंपरा इथून सुरू झाली. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ साली असं पद आलं.

केंटचा प्रयोग

वृद्धांसाठी मोठा बदल घडला इंग्लंडच्या केंट परगण्यात, १९७७ पासून. घरी राहणं कठीण झालेल्या वृद्धांना तोवर सहसा वृद्धाश्रमात पाठवलं जाई. इथे प्रत्येक वृद्धामागे एक समाजसेवक नेमला आणि खर्चाचा अधिकारही त्याच्याच हाती दिला. मर्यादा एकच : वृद्धाश्रमातल्या जागेच्या खर्चाच्या दोन तृतीयांशापर्यंत.

मग तो समाजसेवक शेजारच्या बाईंना थोडे पैसे देऊन सकाळचा नाश्ता, औषधांची आठवण, संध्याकाळची सोबत अशी व्यवस्था लावू शकत असे. नेहमीची सेवा मिळणाऱ्या तशाच वृद्धांशी तुलना केली, तेव्हा या प्रयोगातले अधिक लोक स्वतःच्या घरी राहू शकले आणि अधिक समाधानी होते. इंग्लंडने १९९० साली केलेल्या सामुदायिक सेवेच्या कायद्यामागे या अनुभवाचा मोठा वाटा होता.

जपानने केला हक्क

एप्रिल २००० मध्ये जपानने वृद्धसेवेचा विमा सुरू केला. त्यात केअर मॅनेजर घरी येतो, गरजा पाहतो, आठवड्याचा आराखडा करतो आणि साधारण दरमहा पुन्हा भेट देतो. आराखड्याचे पैसे वृद्धाकडून घेतले जात नाहीत.

मॅनेजर कोणाचा?

या इतिहासात एक पेच पहिल्यापासून आहे. मेरी स्टुअर्ट यांना रुग्णालयाने नेमलं होतं, केंटच्या समाजसेवकाला सरकारने. जपानमध्ये अनेक केअर मॅनेजर सेवा विकणाऱ्या संस्थेतच नोकरी करतात. म्हणजे पगार एकाचा आणि बाजू दुसऱ्याची! म्हणून पैसे देऊन अशी सेवा घेणार असाल, तर आधी विचारा : ‘तुम्हाला पैसे कोण देतं? एखाद्या रुग्णालयाकडून कमिशन मिळतं का?’

आपण काय करू शकतो?

आपल्याकडे अशी सार्वत्रिक व्यवस्था नाही. तोपर्यंत घरातल्या एकाने हे काम ठरवून अंगावर घ्यावं.

• सगळ्या औषधांची एकच यादी करा आणि प्रत्येक डॉक्टरांना दाखवा.
• डॉक्टरांशी बोलताना आजी-आजोबांनाच आधी बोलू द्या.
• सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकांना भेटा. योजना आणि कागदपत्रांची माहिती तिथे मिळते.
• ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : निर्णय ‘त्यांच्याबद्दल’ घेताना ‘त्यांना’ विचारा. केस मॅनेजरचं पहिलं काम तेच असतं.