लहानपणीचा कॅन्सर बरा झाला, फाईल कुठे आहे?

काही वर्षांपूर्वी तिशीतली एक बाई धाप लागते म्हणून माझ्याकडे आली. पूर्वीचा काही आजार? "काही नाही." नवरा बाहेर गेल्यावर मात्र हळूच म्हणाली, "डॉक्टर, सातव्या वर्षी मला रक्ताचा कॅन्सर झाला होता. लग्न जमवताना आईने फाईल जाळून टाकली." इको केला, तर हृदयाची पंपिंग क्षमता बरीच कमी झालेली होती.

हे का घडते, हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊ या.

१९४७ पर्यंत ल्युकेमिया झालेले मूल काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत असे. १९४८ मध्ये बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन या औषधाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १६ पैकी १० मुले सुधारली, पण तात्पुरती. हे औषध तयार करणाऱ्या चमूचे प्रमुख होते आपले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. पुढे मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी अनेक औषधे एकत्र दिली. मेंदूच्या आवरणात लपणाऱ्या पेशींसाठी डोक्याला किरणोपचार आणि पाठीच्या मणक्यातून इंजेक्शनेही दिली. १९६७ मध्ये सुरू झालेल्या या उपचारांतून जवळपास निम्मी मुले बरी झाली.

मुले मोठी झाली आणि उपचारांची किंमत दिसू लागली. डोक्याच्या किरणोपचारांनी काहींची वाढ खुंटली, अभ्यास मागे पडला. डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधांनी हृदयाचे स्नायू दुबळे झाले. छातीवर किरणोपचार घेतलेल्या मुलींमध्ये तरुणपणीच स्तनाचा कॅन्सर दिसू लागला. नुसता आजार बरा करून भागणार नाही, असे डॉ. जुलिओ डांजिओ यांनी १९७५ मध्येच बजावले होते. २००६ मध्ये अमेरिकेतील दहा हजारांहून अधिक अशा प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ६२ टक्क्यांना किमान एक दीर्घकालीन आजार होता.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ मध्ये स्वतंत्र क्लिनिक सुरू केले.

आता तुमच्यासाठी. लहानपणी कॅन्सर झाला असेल तर:

• कोणती औषधे, किती डोस, किरणोपचार कुठे, हा सारांश रुग्णालयातून मागून घ्या.
• हृदयावर परिणाम करणारी औषधे घेतली असतील तर ठराविक काळाने इको करा. गरोदरपणाआधी तर नक्कीच.
• छातीवर किरणोपचार झालेल्या स्त्रियांनी चाळिशीची वाट न पाहता स्तनांची तपासणी कधी सुरू करायची, हे तज्ज्ञांना विचारा.
• तंबाखूपासून चार हात दूर राहा.
• नवीन डॉक्टरांना न विचारताही हा इतिहास सांगा.

त्या बाईला औषधांनी बराच आराम पडला. पण तिला नेमके कोणते औषध, किती दिले होते, हे आम्हाला कधीच कळले नाही. आईने फाईल जाळली ती मुलीच्या भल्यासाठीच. आपल्या समाजाने तिच्यावर ती वेळ आणली. कॅन्सर होऊन गेला यात लपवण्यासारखे काहीच नाही. तुमच्या घरात अशी फाईल असेल, तर ती जपून ठेवा.