लॉरेन्सचा संप आणि युरोपचे श्रमिक

अमेरिकेवरील युरोपचा ठसा म्हटला, की इंग्रजी भाषा, कायदा, चर्च आणि विद्यापीठे यांचा उल्लेख होतो. तो योग्यच आहे. परंतु कारखान्यांच्या गेटवर आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यांची नजर बोटीच्या तळातून आलेल्या माणसांकडे आधी वळते. त्यांनी बरोबर काय नेले? मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्स या गिरणीगावाचा १९१२ चा संप याचे उत्तर देतो.

इटालियन, पोलिश, लिथुएनियन, जर्मन, बेल्जियन असे नाना देशांचे कामगार तेथे मागांवर उभे असत. एकाची भाषा दुसऱ्यास कळत नसे आणि त्यातच मालकांची निश्चिंती होती. १ जानेवारी १९१२ पासून कायद्याने स्त्रिया व मुले यांचा आठवडा ५६ तासांवरून ५४ तासांवर आला. मालकांनी त्या प्रमाणात पगारही कापला. ११ जानेवारीस अपुरा पगार हाती पडताच पोलिश स्त्रियांनी माग थांबविले. पाहता पाहता वीस हजारांहून अधिक कामगार बाहेर पडले.

या संपाला जुन्या कारागीर-संघटनेचा विरोध होता. तिचे अध्यक्ष जॉन गोल्डन हे स्वतः लँकेशायरमध्ये जन्मलेले! म्हणजे आधी आलेला युरोप मागून आलेल्या युरोपाला ओळख देईना. परंतु नव्यांनी आपली वाट काढली. संपसमितीत प्रत्येक देशाच्या गटाचे प्रतिनिधी बसले आणि प्रत्येक भाषण अनेक भाषांतून समजावून दिले गेले. फ्रेंच-बेल्जियन कामगारांनी सहकाराची पद्धत मायदेशाहून आणली होती. त्यांच्या सभागृहात संपकऱ्यांसाठी अन्न शिजू लागले. उपासमार टळावी म्हणून मुले परगावच्या कामगारांघरी पाठविण्यात आली. २४ फेब्रुवारीस स्टेशनवर पोलिसांनी आया व मुलांवर हात टाकला, तेव्हा साऱ्या देशात संताप उसळला. मार्चमध्ये मालक नमले. पगारवाढ मिळाली आणि सर्वांत कमी पगारवाल्यांना तिचे प्रमाण अधिक मिळाले.

हे यश फार काळ टिकले नाही, हेही सांगितले पाहिजे. संघटना लवकरच खिळखिळी झाली. पुढे १९२४ च्या कायद्याने दक्षिण व पूर्व युरोपातून येणाऱ्यांना अमेरिकेचे दार जवळजवळ बंद केले.

श्रोतेहो, हा इतिहास आम्ही उशिरा वाचला. आमच्या एका संपात आम्ही सारी पत्रके मराठीतच छापली होती. परप्रांतातून आलेले कंत्राटी कामगार कामावर गेले, तेव्हा आम्ही त्यांना फितूर म्हटले. संप मोडला. त्यांच्या भाषेत त्यांना कोणी काही विचारलेच नव्हते, हे आमच्या ध्यानात लॉरेन्सची हकीकत वाचल्यावर आले. आज गेटवर सभा असली, की दुभाषा आला का, हे आम्ही आधी पाहतो.